छप्पनची नवी दुकानं: इंदूर, शुक्रवार ते रविवार

इंदूरला खाण्यासाठी जाणारी मराठी मंडळी बहुधा रात्रीचा सराफा डोक्यात ठेवून जातात आणि छप्पन दुकान, हा खाण्याच्या दुकानांचा रस्ता, जाताजाता उरकतात. आम्ही मित्रांनी या खेपेला उलटं ठरवलं. सराफ्याला एकच रात्र, बाकी सगळा वेळ छप्पनला. तिथंही जुन्या नावांपेक्षा गेल्या काही वर्षांत उघडलेल्या छोट्या काउंटरांवर भर द्यायचा होता. जॉनीचा हॉटडॉग, विजय चाट हाउसचा खोपरा पॅटीस, मधुरमची शिकंजी (लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची) हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण २०२० मध्ये महापालिकेनं अवघ्या ५६ दिवसांत या रस्त्याचा कायापालट केला, गाड्या आत येणं बंद झालं, बसायला जागा झाली, आणि मग उभ्याउभ्या खायच्या नव्या वस्तूंची रीघ लागली. मोमो, बोबा चहा, लोणी डोसा, धूर सोडणारं आइस्क्रीम. यातलं काय खाण्यालायक आहे आणि काय नुसतं फोटोपुरतं, तेवढं नीट पाहायचं होतं.

छप्पन दुकान न्यू पलासियात आहे, स्टेशनपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. मुक्काम पलासियाच्या आसपासच घ्यावा. खाऊन चालत परत येता येतं, आणि या सहलीत तेवढाच व्यायाम होतो.

शुक्रवार

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात इंदूरला आणून सोडते, पुण्याहूनही थेट गाडी आहे. सकाळ आवरण्यात गेली, दुपारी राजवाडा पाहिला. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत बराच भाग गेला होता, नंतर दुरुस्त झाला. दुपारी मुद्दाम जेवलो नाही.

छप्पनला पाच वाजता पोचावं. शनिवार-रविवारी सातनंतर इतकी गर्दी होते की काउंटरवरच्या माणसाला काही विचारायची सोय राहत नाही, आणि नव्या दुकानात विचारल्याशिवाय खाण्यात अर्थ नाही. चौघांचा गट असेल तर प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट घ्यायची. एका संध्याकाळी सहा पदार्थ पुरे. शिकंजी शेवटी. ती आधी प्यायलात तर संध्याकाळ तिथंच संपते.

सुरुवात तंदुरी मोमोंनी. मोमो इंदूरचे नाहीत, हे उघडच आहे. पण चांगला-वाईट ओळखायला सोपे आहेत, म्हणून नवं दुकान पारखायला बरे. मोमो आधी वाफवतात, मग घट्ट दही, लाल तिखट, कसुरी मेथी आणि मोहरीच्या तेलाच्या मसाल्यात घोळवून सळईवर भाजतात. गडबड दोन ठिकाणी होते. फ्रीजमधून काढलेले मोमो थेट सळईवर गेले तर बाहेरून करपतात आणि आतून गार राहतात. दही पाण्यासारखं पातळ असेल तर मसाला चिकटत नाही, आचेवर टपटप गळतो आणि मैद्याची पारी उघडी पडून कडक होते. म्हणून ऑर्डर देताना भांड्यातून वाफ निघतेय का ते बघा. आम्ही उभे होतो तिथं मोदकपात्रासारखं तीन थरांचं भांडं सतत चालू होतं आणि सळईवर जाणारा प्रत्येक मोमो त्यातूनच निघत होता. भाजून झाल्यावर पोराने विचारलं, "भिया, जीरावन डालूँ?" चाट मसाल्याऐवजी जिरावण, इंदूरचा वरून भुरभुरवायचा मसाला. हा बदल खरोखर जमलाय. जिरावणातली बडीशेप आणि लवंग दह्याच्या आंबटपणाला पेलते, चाट मसाला नुसता खारट लागला असता.

पुढच्याच एका काउंटरवर पन्नासेक पदार्थांची पाटी होती: पास्ता, नूडल्स, बर्गर, सिझलर, दाबेली, सगळं. तिथं थांबलो नाही. छोट्या काउंटरवर मागं एक शेगडी आणि एक फ्रीजर असतो. त्यातून पन्नास पदार्थ ताजे निघणं शक्य नसतं, म्हणजे बहुतेक माल गोठवलेला येतो आणि तेलात सोडला जातो. छप्पनला नवी दुकानं निवडायची आमची मुख्य कसोटी हीच ठरली: पाटी जितकी लहान तितकं बरं. तीन पदार्थांच्या दुकानात निराशा क्वचित झाली, पानभर यादीच्या दुकानात हमखास.

मग बोबा चहा. चहाच्या तळाशी काळे मोती, जाड स्ट्रॉनं ओढून घ्यायचे. हे मोती टॅपिओकाच्या पिठाचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचेच. फक्त गुळाच्या किंवा काळ्या साखरेच्या पाकात मुरवलेले. साबुदाण्याच्या खिचडीसाठी रात्री बाराला रांग लावणाऱ्या शहरात हे पेय नवं म्हणून विकलं जातं, याची गंमत वाटते. मोती उकडल्यावर साधारण चार तास मऊ राहतात. त्यानंतर मधला भाग कडक होऊ लागतो, कारण शिजलेलं पिष्ट गार झालं की पुन्हा घट्ट बसतं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, "कब उबाले?" सकाळचे असतील तर सरळ नको म्हणा. संध्याकाळी पाचच्या सुमारास बहुतेक ठिकाणी दुसरी खेप शिजते. साखर निम्मी सांगावी. पाक मोत्यांबरोबर आधीच आत गेलेला असतो, वर चहात पुन्हा सरबत पडतं.

धूर सोडणारं आइस्क्रीम आणि धुराची बिस्किटं हा शुक्रवारचा सगळ्यात गर्दीचा काउंटर होता, पोराटोरांचा कल्ला. तिथला धूर द्रव नायट्रोजनमुळं निघतो, उणे १९६ अंश सेल्सिअस. आइस्क्रीममध्ये त्याचा खरा उपयोग आहे: मिश्रण इतक्या झपाट्यानं गोठतं की बर्फाचे खडे मोठे व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून ते गुळगुळीत लागतं. ढवळल्यावर थोड्या वेळात नायट्रोजन उडून जातो. बिस्किटांचं तसं नाही. पोकळ बिस्किटात द्रव भरून लगेच तोंडात टाकायला सांगतात, म्हणजे नाकातोंडातून धूर निघतो. पोकळीत द्रवाचा थेंबभर जरी राहिला तरी जीभ, घसा भाजतो. गिळला गेला तर पोटात त्याचा एकदम वायू होतो आणि इजा गंभीर असू शकते. लहान मुलं बरोबर असतील तर बिस्किटं टाळाच. आइस्क्रीम घ्या, पण वाटीतला धूर पूर्ण थांबेपर्यंत चमचा घालू नका.

शेवट जुन्यावर: जॉनीचा हॉटडॉग. सॉसेजची अपेक्षा ठेवू नका, शाकाहारी हॉटडॉगमध्ये बटाट्याची टिक्की असते. तव्यावर शेकलेला पाव, टिक्की, कांदा, चटणी. अंड्याचा हवा असेल तर 'बेंजो' मागायचा. पाटीवर चारदोन ओळी आणि काउंटरवर अखंड हात. नव्या दुकानदारांनी समोर उभं राहून पाहावं असं ते काम आहे.

शनिवार

सकाळी थंडी बऱ्यापैकी होती, जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. स्वेटर हवाच, रात्रीच्या सराफ्यासाठी तर नक्की.

न्याहारीला छप्पन सोडून राजवाड्याकडे गेलो, पोह्यांसाठी. छप्पनच्या काही नव्या दुकानांतही पोहे मिळतात, पण ते कढईत राहतात आणि तिथंच घोटाळा होतो. अस्सल इंदुरी पोहे आचेवर नसतात. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर पोह्यांची परात. पोहे धुऊन निथळतात, हळद-मीठ-साखर चोळतात, मोहरी-बडीशेप-मिरचीची फोडणी घालतात आणि पुढचे दोन-तीन तास वाफेवर ठेवतात. कढईत तळ कोरडा पडतो, कडा वाळतात. वाफेवर दाणा शेवटच्या प्लेटपर्यंत मऊ राहतो. कांदा शिजवत नाहीत, वरून कच्चा घालतात. आपल्या कांदेपोह्यांपेक्षा चव वेगळी लागते ती बडीशेप आणि कच्च्या कांद्यामुळं. मग शेव, बुंदी, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावणाची चिमूट. बाजूला जिलबी. पोह्यांचा घास संपत आला की जिलबीचा तुकडा, ही इथली रीत.

प्रशांत उपाहारगृहात उसळ-पोहे घेतले. पोह्यांवर झणझणीत उसळीची तर्री. इंदुरातल्या मराठी वस्तीची खूण या ताटलीत दिसते. होळकरांच्या काळापासून इथं घट्ट रुजलेली मराठी कुटुंबं आहेत, रामबाग, लोकमान्यनगर भागात आजही मराठी कानावर पडतं. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी आमचं बोलणं ऐकून विचारलं, "पुण्याचे का? मग तर्री कमी घ्या हो, इथली लागते." लागलीच. साडेनऊच्या आत जा, उसळ लवकर संपते.

दुपारी छप्पन निवांत असतं. नव्या दुकानांच्या मालकांशी बोलायचं तर दोन ते चार ही वेळ. एका छोट्या सँडविचवाल्यानं सांगितलं की पहिल्या वर्षी त्यानं मुंबईसारखं सँडविच ठेवलं होतं आणि ते चाललं नाही. आता त्यात तीच हिरवी चटणी आणि बटाटा आहे, पण वर बारीक रतलामी शेवेचा थर आणि जिरावण. शेव पाव दाबण्याआधी घालायची नाही, दाबून भाजल्यावर पाव उघडून घालायची. नाहीतर ग्रिलच्या उष्णतेत शेवेला वाफ लागते आणि ती मऊ पडते. सँडविच चांगलं होतं. कापल्याकापल्या खाल्लं पाहिजे.

खोपरा पॅटीस इथंच घेतला. उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात ओल्या नारळाचं सुक्या मेव्यासहित सारण, तळून, आंबटगोड आणि हिरव्या चटणीबरोबर. आपल्या उपवासाच्या पॅटीसचा हा थोरला भाऊ. फोडल्यावर आतला नारळ पांढराशुभ्र दिसायला हवा. पिवळसर आणि तेलकट दिसला तर पॅटीस आधी तळून पुन्हा गरम केलाय.

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री दुकानं बंद झाली की पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या. नऊला गेलात तर निम्म्या गाड्या लागायच्या असतात, दहा ते साडेबारा ही खरी वेळ. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क अडकतं. खिशात सुटे पैसे ठेवा.

सराफ्यातली मजा नव्यात नाही. इथं पारंपरिक पदार्थच राहावेत असा आग्रह व्यापारी आणि महापालिका दोघांनीही धरला आहे, आणि तो बरोबरच आहे. नव्यासाठी छप्पन आहे ना. थंडीत सराफ्याला जाण्याचं खरं कारण गराडू. हा एक कंद, हिवाळ्यातच मिळतो. कच्चा चिरताना हाताला खाज येते, म्हणून चिरणारे हाताला तेल लावतात. मोठे चौकोनी तुकडे आधी मध्यम आचेवर तळून शिजवतात आणि परातीत काढून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की तेच तुकडे कडकडीत तेलात पुन्हा सोडतात. दुसऱ्या तळणीत बाहेरचा थर सोनेरी, कुरकुरीत होतो, आत लोण्यासारखा मऊ. वर लिंबू आणि मुठीनं जिरावण. परातीतले तुकडे फिके पिवळे दिसले पाहिजेत. तिथंच तांबूस झाले असतील तर दुसऱ्या तळणीत दगड होतात. द्रोण हातात आल्यावर पाच मिनिटांत संपवायचा, गार गराडू चिवट लागतो. आम्ही द्रोण घेऊन गप्पा मारत बसलेल्यांचे चेहरे पाहिले, चावून चावून दमले होते.

जोशींचा दहीवडा हवेत उडतो आणि परत हातात येतो, पाच मसाले एकाच चिमटीतून वेगवेगळे पडतात, हे सगळं आहेच. पण वडाही चांगला असतो, हे सांगायचं राहून जातं. भुट्ट्याचा कीस घेताना चमच्यावर तो सैलसर आहे का ते बघा. किसलेले मक्याचे दाणे तुपात परतून दुधात शिजवतात. रात्र चढत जाते तसा तो आटून गोळा होतो, म्हणून लवकर खावा. साबुदाण्याची खिचडी सांवरियाकडे. दाण्याचं कूट आणि तूप शोधू नका. साबुदाणा नुसता वाफेवर ठेवलेला, ऑर्डर आली की त्यात फराळी मिक्श्चर, मिरची, लिंबू, मसाला घालून हातानं कालवून देतात. उपवासाची म्हणून घ्यायची असेल तर मसाल्यात काय आहे ते आधी विचारा. शेवटी नागोरींची शिकंजी. आटवलेलं दूध, किंचित आंबूस, केशर, वेलची, जायफळ, सुका मेवा. लिंबाचा संबंध नाही. छोटा पेला पुरतो.

रविवार

उशिरा उठणं साहजिक होतं. न्याहारी पुन्हा छप्पनला, लोण्याच्या डोशाच्या नव्या काउंटरवर. दावणगेरेचा बेण्णे डोसा सध्या सगळीकडेच पोचलाय. हा काउंटर चांगला निघाला आणि का निघाला ते सांगण्यासारखं आहे.

तवा जाड लोखंडी. प्रत्येक डोशाआधी पाण्याचा शिंतोडा आणि अर्ध्या कांद्यानं पुसणं. तवा जास्त तापला की पीठ पसरत नाही, पळीला चिकटून गोळा होतं. शिंतोड्यानं तो हवा तेवढा खाली येतो. पीठ तांदूळ, उडीद आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं, त्या चुरमुऱ्यांमुळं जाळी पडते. डोसा हातभर नसतो, वीतभर आणि जाडसर. जाळी पडून ओला भाग सुकल्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा. आधी घातला तर लोणी पिठात जिरतं आणि डोसा तळल्यासारखा तेलकट होतो. सुकल्यावर घातलं तर ते जाळीच्या भोकांतून खाली उतरतं आणि तळ कुरकुरीत करतं. सोबतची बटाट्याची भाजी पांढरी, बिनहळदीची. तीही बरोबर होती. पिवळी मसाला डोशाची भाजी दिली असती तर समजायचं की दुकानदारानं फक्त नाव उचललंय.

चटणीच्या भांड्याशेजारी इथंही जिरावणाचा डबा होताच. तिघा गिऱ्हाइकांपैकी दोघं डोशावर भुरभुरवत होते. आमच्या मते इथं ते चुकतं. लवंग आणि आमचूर नारळाच्या चटणीला मारून टाकतात. पण इंदूरकराला हे सांगायला जाऊ नये. साडेनऊनंतर रांग लागते, तोवर उरकावं. एका माणसाला एक डोसा पुरतो, लोणी कमी सांगितलं तर दीड.

खरेदीला लौंग सेव आणि जिरावण. शेव वजनावर मिळते, पाव किलोच्या हवाबंद पाकिटांत घ्या. मोठं पाकीट फोडलं की चार दिवसांत सादळतं. जिरावण तयार मिळतं, पण घरी जमण्यासारखं आहे. जिरे ४ चमचे, धने ४, बडीशेप २, मिरे १, लवंगा ८, मोठी वेलची २, बोटभर दालचिनी, तमालपत्राची २ पानं हे वेगवेगळं मंद आचेवर कोरडं भाजून पूर्ण गार करायचं. मग पाव जायफळासह दळून त्यात सुंठपूड १ चमचा, आमचूर २, लाल तिखट २, काळं मीठ २, साधं मीठ १, हळद आणि हिंग अर्धा अर्धा चमचा. मसाला कोमट असताना आमचूर घातलं तर त्याला दमटपणा धरतो आणि आठवड्यात बरणीत ढेकळं होतात. वास दोन महिने टिकतो, म्हणून एकदम किलोभर करू नये.

कुणाला इंदुरात गाडी बदलताना दोन-तीन तासच मिळणार असतील तर सराफ्याच्या वाटेला जाऊ नका, रात्र नसेल तर तिथं फक्त सोनं दिसेल. स्टेशनवरून रिक्षा थेट छप्पनला. सकाळ असेल तर लोणी डोसा आणि खोपरा पॅटीस, संध्याकाळ असेल तर हॉटडॉग आणि तंदुरी मोमो, दोन्ही वेळी एक शिकंजी दोघांत. सामान जास्त असेल तर ते स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून निघा, छप्पनच्या गर्दीत बॅगा सांभाळत द्रोण धरता येत नाही.